ठकूबाईनं देव उठवला

फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. माझ्या सासूच्या सासूलाही ठाऊक नव्हतं. तेव्हा आपल्या या पांढरमाळाचं वाळवंट झालं होतं. अगदी खरोखरीचं. मेंढरांनी गवत मुळासकट ओरबाडलं, मग वाऱ्यानं माती नेली, आणि मागे उरला तो नुसता फुफाटा. फुफाटा दारातून आत यायचा, पिठात बसायचा, आडात उतरायचा. आड निम्मा बुजला तेव्हा गावानं ठरवलं, आता इथून उठायचं. जिकडे चारा तिकडे जायचं.

सगळे बिऱ्हाडं बांधायला लागले. एकटी ठकूबाई बांधेना. ती मेंढपाळाची विधवा. तिचा नवरा आणि तान्ही लेक याच माळात पुरलेले. "त्यांना कुणाच्या जिवावर सोडून जाऊ?" म्हणाली, आणि बसली फतकल मारून. अशी हट्टी बाई! तिच्यापायी गाव थांबलं, असं म्हणतात. मला विचाराल तर थोडं लाजलंही असावं.

तिनं माळाचा एक तुकडा निवडला, भोवती बोराटीच्या काट्या लावल्या, उतारावर दगडांच्या ओळी मांडल्या. वारा दगडांना अडला आणि उचललेली माती तिथंच टाकून गेला. पावसाचे चार थेंब पडले तरी ठकूबाई जिथं बसायची तिथं गवत उगवायचं, असं म्हणतात. बघता बघता त्या तुकड्यात गुडघाभर कुरण उभं राहिलं.

गाव हरखलं. आणि हरखलेलं गाव काय करतं? देव बसवतं! कुरणाच्या तोंडाशी ओटा बांधला, त्यावर धोंडा ठेवला, शेंदूर फासला, नारळ फोडला. "आता देव राखील," म्हणाले आणि हात झटकून घरी गेले. मेंढ्यांना शेंदराचं काय कौतुक! काट्या सरकवून आत शिरल्या, आणि महिन्याभरात कुरण पुन्हा बोडकं. जो तो म्हणे, "मला वाटलं, देव आहे की तिथं!"

ठकूबाई संतापली. सगळ्यांच्या देखत ओट्यावर चढली. तो धोंडा ठेवायला चार गडी लागले होते. तिनं एकटीनं काखेत मारला आणि आडापलीकडं नेऊन ठेवला, असं म्हणतात. लोकांनी तोंडात बोटं घातली.

"देव उठवलास? कोप हुईल गं बाई!" गावचा पाटील म्हणाला.

"व्हायचा त्यो झाला की," ती म्हणाली. "आता जागा मोकळी हाय. रोज एका घरानं तिथं बसायचं. ज्याची पाळी, त्यो त्या दिवशी देव. बाई असो, बुवा असो. निवद बी त्यालाच, आन् जाब बी त्यालाच."

लोक हसले. पण ठकूबाई ओट्याखाली ठाण मांडून बसली, आणि जो देव होईल त्याला शिकवायला लागली. बी पडल्याशिवाय विळा लावायचा नाही. कापताना मूठभर खोड मागं ठेवायचं. जनावर आत नाही, विळा आत. वारा कुठून माती उचलतो ते बघ, दगड तिथं मांड. चुकलं तर अशी बोलायची की माणसाला त्या दिवशी भाकरी गोड लागायची नाही. पण पुढच्या पाळीला तो चुकायचाही नाही. हळूहळू गवत परत आलं, आणि आडावर बाया एकमेकींना विचारू लागल्या, "आज देव कोण गं?"

मग आला तो कसोटीचा उन्हाळा. दूरवर धुळीचा लोट उठला. बघतात तर मेंढरं, बरगड्या वर आलेली. पुढं ठकूबाईचा सख्खा भाऊ, धुळाजी. आणि त्या दिवशी ओट्यावर कोण? गावातल्या एका घरची नवी सून, आंबू. लग्न होऊन आल्यापासून तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

धुळाजीनं तिच्याकडं बघितलंही नाही. बहिणीपुढं पागोटं ठेवलं. "अक्का, कळप मरतोय. एक दिस आत सोडू दे."

ठकूबाईचे डोळे भरून आले. बोलली मात्र एवढंच, "मला काय इचारतोस? आज देव ती हाय. तिला इचार."

सगळं गाव गोळा झालं. कळप आत गेला की कुरण गेलं, आणि कुरण गेलं की गाव उठलं, हे लहान पोरालाही कळत होतं. आंबूनं एकवार कळपाकडं बघितलं. ती उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "मामा, जनावर आत न्हाई."

धुळाजीचा चेहरा उतरला.

"विळा आत," आंबू म्हणाली. "तुमी भाईर थांबा. आमी कापून देतो, मूठभर ठिवून."

मग अख्खं गाव कापायला लागलं. भारे बाहेर येत राहिले, मेंढ्या खात राहिल्या, आणि कापणारा पुढं सरकला की मागं पाती पुन्हा वर यायची, असं म्हणतात. खरं-खोटं त्या माळाला माहीत. एकही मेंढी मेली नाही आणि एकही खूर आत पडला नाही, एवढं पक्कं.

धुळाजी जाताना आंबूच्या पाया पडला. ठकूबाईनं तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. मग काठी उचलली आणि नवऱ्या-लेकीच्या दिशेनं चालू लागली. गवतानं दुभंगून तिला वाट दिली आणि मागं मिटून घेतलं, असं म्हणतात. ती पुन्हा कुणाला दिसली नाही. गाव ढसाढसा रडलं. तिच्या नावानं ओट्यावर धोंडा बसवू, असं कुणीतरी बोललंच!

"बसवा की," आंबू म्हणाली. "म्हंजी पुन्यांदा सगळे घरी झोपायला मोकळे." विषय तिथंच संपला.

म्हणून आपल्या गावात ठकूबाईचं देऊळ नाही, तिच्या नावाची पाळी आहे. रोज सकाळी एका घरचं माणूस ओट्यावर चढतं, तिचं नाव घेऊन बसतं, आणि गावातली पहिली भाकरी त्याच्याकडं जाते. नवी सून आली की वर्ष सरायच्या आत तिलाही बसवतात. मुक्कामाला आलेला जावईसुद्धा सुटत नाही. उद्या पाळी माझी आहे. गुडघे कुरकुरतात, पण चढेन मी. तेव्हा ज्याची मेंढरं मोकाट सुटायची असतील त्यानं आजच बांधून ठेवा. उद्या मी कुणाची काकू नाही, न् कुणाची आजी नाही.