वावटळीच्या पोटातलं भूत

फार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एक वावटळ माळावर मजेत फिरत होती. तिला बघून कोंबड्या ओरडल्या, "पळा, तिच्या पोटात भूत आहे."

ते ऐकून वावटळच घाबरली. भूत बघायला ती मागे वळली, पुन्हा वळली आणि जास्तच गरगरू लागली.

वाटेत गाढव उभं होतं. ते म्हणालं, "बाई, जरा थांब की. थांबल्याशिवाय दिसणार कसं?"

"थांबले तर धरेल ना ते मला."

"मी आहे ना इथं."

वावटळ थांबली. खाली थोडी धूळ, एक पीस आणि मूठभर वाळलेलं गवत पडलं. भूत नव्हतं. वावटळही नव्हती.

गाढवाने गवत खाऊन टाकलं.

तेव्हापासून गाढव दिसलं की कोंबड्या वाट सोडतात. त्याने भूत खाल्लंय म्हणे.