धूरगाडीचा लाल दिवा

फार फार जुनी गोष्ट. तेव्हाही म्हातारे होते, आणि तेव्हाही त्यांना सगळं येत होतं.

एका डोंगरी गावात तेलावर चालणारी एकच धूरगाडी होती. ती एका मुलीची. आई मरताना मागे तेवढंच ठेवून गेली. मुलगी गाडीतून नगराहून गावाचं मीठ आणायची, गाडीतच झोपायची आणि बोलायचीही गाडीशीच. तिच्याशी दुसरं बोलतं कोण?

गाडीच्या कपाळावर एक लाल दिवा होता. पोटात बिघाड झाला की तो पेटायचा. एकदा पेटला तो विझेचना.

नगराच्या वेशीवर पहारेकरी प्रत्येक गाडीच्या धुराड्यावर पांढरं फडकं धरत. फडकं काळं झालं की गाडी परत. तिसऱ्यांदा काळं झालं, तर गाडी मोडून टाकत. मुलीची गाडी दोनदा परत आली होती.

तिने गावच्या तीन पंचांना बोलावलं. वडीलधाऱ्यांसमोर लाल दिवा पेटता ठेवणं म्हणजे त्यांचा अपमान, अशी गावाची रीत. म्हणून आधी दिव्यावर उपरणं टाकलं. मग तपासणी!

"चाकं बदल," पहिला म्हणाला.

"धुराडं बदल. माझ्या आज्यानं बदललं होतं," दुसरा म्हणाला.

"दिवाच फोड की गं," तिसरा जांभई देत म्हणाला. "कटकटच नको."

तिने चाकं बदलली, धुराडं बदललं. दिवा तसाच.

मग ती एकटी गाडीसमोर बसून राहिली. रोज दिव्याकडे बघत. तिसऱ्या आठवड्यात तिला कळलं, सोमवारी दिवा जास्त भडकतो. सोमवारी पंच गाडीची पूजा करत. तेलाच्या टाकीचं झाकण उघडून तिच्या काठाला हळदकुंकू लावत. वर्षानुवर्षांची पुटं चढली होती. झाकण बसत नव्हतं, वारा आत शिरत होता, तेल अर्धंच जळून धूर काळा येत होता.

तिने नखांनी पुटं खरवडली. झाकण घट्ट लावलं. दिवा विझला.

"आजोबा, तुमच्या कुंकवानं झाकण बसत नव्हतं," तिने पंचांना सांगितलं.

"आमच्या? अगं, शाळा तरी पुरी केलीस का?"

"नाही. झाकण बघितलं."

वेशीवर फडकं पांढरं राहिलं. सोमवारी पंच ताट घेऊन हजर. "बघ, फळली ना आमची पूजा? उघड झाकण."

"नाही उघडणार."

"मग गावात राहू नकोस."

सगळं गाव उभं होतं. तिने एकेकाकडे पाहिलं. प्रत्येकाने मान खाली घातली. कुणीतरी "थांब" म्हणेल म्हणून ती घाटापर्यंत गाडी हळू हाकत गेली. कुणी म्हणालं नाही.

तेव्हापासून ते गाव डोक्यावरून मीठ वाहतं. पंच सावलीत बसून ओझं कसं उचलावं ते सांगतात.

तात्पर्य: खोट दाखवणाऱ्याचं तोंड बंद केल्याने खोट जात नाही, कारण बहुतेक वेळा ती तोंड बंद करणाऱ्याच्याच हातांनी झालेली असते.