दिवाणजींच्या मांडीवरचं पोर

तलावाच्या बांधावर माती वाहणाऱ्या येसूचा जीव थाऱ्यावर नव्हता. काल एका बाईचं रांगतं पोर पार पाण्यापर्यंत गेलं होतं, नशिबानंच हाती लागलं. आज येसूनं आपल्या तान्ह्याला काखेत मारलं आणि थेट दरबार गाठला.

"महाराज, कामावरच्या पोरांना सांभाळायला..."

"पोरं सांभाळायला काय लागतं? त्याला खजिना कशाला?" दिवाण गिरमाजीपंत मध्येच गरजले. "आणि आधी दोन्ही हात जोड. त्याशिवाय इथं गाऱ्हाणं ऐकत नाहीत."

येसूनं पोर त्यांच्याच मांडीवर ठेवलं आणि हात जोडले.

पोरानं भोकाड पसरलं. पंतांनी एका हुजऱ्याला खुळखुळ्यासाठी पळवलं, दुसऱ्याला दुधासाठी. तिसरा वारा घालू लागला. पोरानं पंतांच्या पगडीला हात घातला, तसा भालदार काठी टाकून पगडी सावरायला धावला. येसूचे हात जोडलेलेच होते, पण नजर सारखी दाराकडे जात होती. तिची थोरली लेक तिकडे बांधावर एकटी होती.

"बोल ना," महाराज म्हणाले.

"काय बोलू, महाराज? माझ्या एका पोरामागं दिवाणजींनी सरकारचे चार नोकर लावले. मी तर बांधावरच्या सगळ्या पोरांसाठी सरकारी पगारावर एक बाई मागायला आले होते."

महाराजांनी हसू दाबत पंतांकडे पाहिलं. "काय करायचं, पंत?"

"मंजूर करा," पंत कुजबुजले. "पण हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय."