हट्टाची तेलविहीर

जमिनीच्या पोटात काय दडलंय ते वरून दणका देऊन कळतं का, मुलांनो? कळतं. पण ऐकणारा कान खाली खोल असावा लागतो.

एका माळावर हिंमतराव नावाचे शेठ तेलासाठी विहीर खोदत होते. बरीच खोली झाल्यावर त्यांनी इरावतीबाई नावाच्या भूशास्त्रज्ञांना बोलावलं. बाईंनी सगळी यंत्रं बंद करायला लावली. विहिरीत लांब तारेवर ऐकणारी उपकरणं सोडली आणि वर जमिनीला जोराचे दणके दिले. खालच्या थरांवर आपटून परत येणारे आवाज उपकरणांनी टिपले.

दुपारी बाई म्हणाल्या, "शेठ, सरळ खाली तेल नाही. थोड्याच खोलीवर खडक तुटलाय आणि त्या फटीत खारं पाणी दाबून भरलंय. तेल पूर्वेला आहे. विहीर इथूनच तिरकी वळवा. सरळ गेलात तर पाणी उसळून माळाच्या पायथ्याच्या वस्तीत शिरेल. त्यांना प्यायला एकच विहीर आहे."

शेठ हसले. "इथे मी पाहुण्यांसमोर माझ्या हातानं नारळ फोडलाय, बाई. माझी विहीर वाकडी निघाली असं पाहुण्यांना सांगू?"

"मग मला कशाला बोलावलंत?"

"सगळे बोलावतात. आपलं राहिलं असं नको व्हायला."

बाई संतापल्या. "म्हणजे मी हळदीकुंकवाला आलेली सवाष्ण! ओटी भरली, आता निघा?"

यंत्रावरचे मुकादम याकूबभाई पुढे झाले. "शेठ, बाईंचं ऐका. त्या वस्तीत माझी बहीण नांदते."

"मग तिला सांग, चार हंडे जास्त भरून ठेव म्हणावं."

याकूबभाईंनी हातातला पाना शेठच्या पायाशी आपटला आणि ते तडक वस्तीकडे निघाले. इरावतीबाईही त्यांच्या मागोमाग गेल्या. शेठनी दुसरा माणूस उभा केला आणि यंत्र सरळ खाली सोडलं.

दिवस मावळायच्या आत खारं पाणी उसळलं. आभाळात ढग नसताना वस्तीकडे जाणाऱ्या ओढ्याला पूर आला. शेठ गाडीत बसून निघून गेले. बाईंनी आणि याकूबभाईंनी तोवर माणसं, गुरं, म्हातारीकोतारी उंचवट्यावर नेली होती. पण वस्तीची पिण्याची विहीर कुठे नेणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या बायका हंडे घेऊन विहिरीवर आल्या, त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

तात्पर्य: ऐकायचंच नसेल तर जाणकाराला विचारण्याचं ढोंग करू नये; त्या ढोंगाची शिक्षा, ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं, त्यांना भोगावी लागते.