धरणाकाठचा लग्नचौक

वारल्यांचा पाडा उठवून धरणाकाठी सरकारी विश्रामगृह बांधलं, आणि त्याच पाड्याला फाटक बंद! पुढे वरून हुकूम सुटला, आदिवासींशी सलोखा करा. विश्रामगृहाचे अधिकारी रणदिवेसाहेब यांनी लग्नं लावणाऱ्या धवलेरीला, लाखमीआयला, बोलावलं.

"तुम्ही लग्नघरात देवीचं चित्र काढता ना, तो लग्नचौक दर्शनी भिंतीवर काढ. अस्सल हवा, शोभेचा नको!"

"अस्सल म्हंजे देवी बसवावी लागंल, सायेब."

"बसव की!"

उद्घाटनाला मंत्री आले, चौकापुढे फीत ताणली गेली, आणि फाटकाबाहेर तारप्याचा सूर घुमला! नवरानवरीला मधे घेऊन अख्खा पाडा नाचत आला होता.

साहेब तडकले. "हा काय तमाशा?"

चौकाशी उभी लाखमीआय म्हणाली, "चौकात देवी बसली, सायेब. आता लगीन लावल्याबिगर तिला उठवू कशी?"

"मग पुसून टाक तो चौक!"

लाखमीआयने ओलं फडकं साहेबांपुढे धरलं. "तुमीच पुसा. फक्त मंत्रीसायबांना सांगा, मग फीत कशापुढली कापायची."

मंत्री खो खो हसले. साहेबांनी स्वतः धावत जाऊन फाटक उघडलं. वऱ्हाड नाचत आत शिरलं, साहेब मात्र फाटकाशीच अवघडून उभे. लाखमीआय मागे वळली.

"या सायेब, लाजू नका. पाहुण्याला आमी दारात उभं नाय ठेवत."