तीन वर्षांचं सुतक

पिंगशी राज्यात तीन वर्षं कुणी लग्न करायचं नाही, वाद्य वाजवायचं नाही आणि कढईत तेल घालायचं नाही, असा हुकूम निघाला आणि टोफू विकणाऱ्या सू-यानचं ठरलेलं लग्न मोडायच्या बेताला आलं.

थोरले महाराज वारले होते. नवा राजा दाओ-शिन कन्फ्यूशियसचा, म्हणजे तिकडच्या लोकांच्या कुंग गुरूंचा, कट्टर अनुयायी. वडील गेले की मुलाने तीन वर्षं सुतक पाळायचं, हा त्या शिकवणीतला रिवाज. राजाने तो पाळलाच, शिवाय असंही ठरवलं की राजा म्हणजे प्रजेचा बाप, तेव्हा सुतक प्रजेलाही लागू.

राजवाड्यापासून चारशे पावलांवर वडिलांची समाधी होती. तिच्या शेजारी गवताच्या झोपडीत राजा राहत होता. अंगावर गोणपाट, उशाला मातीचं ढेकूळ, जेवायला पातळ पेज. झोपडी पुरेशी मोडकी दिसावी म्हणून राजवाड्यातले पाचही सुतार तिथे कायमचे नेमले होते. परगावाहून माणसं दर्शनाला येत, राजाचे खोल गेलेले गाल बघून डोळे पुसत. अकरा महिन्यांत राजाला त्याची गोडी लागली होती.

सू-यानला मात्र थांबून चालणार नव्हतं. तिचा होणारा नवरा लिउ नदीवर नाव चालवायचा. पहिला बर्फ पडला की बिनलग्नाच्या तरुणांना उत्तरेच्या किल्ल्यावर पहाऱ्याला नेत, आणि तिथून परत आलेली माणसं गावात दोन-तीनच होती. झाडांची पानं तर गळायला लागली होती.

एका सकाळी ती गोधडीत गुंडाळलेला वाडगा हातात घेऊन थेट झोपडीसमोर येऊन उभी राहिली.

"काय काम आहे?" विधिमंत्री फू यांनी विचारलं. यांना आचाराचे तीनशे नियम पाठ होते, आणि आपल्याला ते पाठ आहेत हे ते कुणाला विसरू देत नसत.

"नावाडी लिउशी लग्न ठरलंय, त्याची परवानगी हवी होती."

राजाने मिटलेले डोळे उघडलेच नाहीत. "बाप जाऊन वर्ष झालं नाही, आणि तू लग्नाला उभी राहणार?"

"माझा बाप दुकानात टोफू कापतोय, महाराज."

मागे दर्शनाला आलेल्यांपैकी कुणीतरी हसू दाबायला खोकलं. राजाला ते चांगलंच झोंबलं.

"असं? मग मुलाच्या कर्तव्यात मी कुठे कमी पडलो ते दाखव. एक चूक दाखवलीस तर हुकूम मागे घेतो. नाही दाखवलीस, तर तुझा लिउ बर्फाची वाट न बघता उद्याच किल्ल्यावर जाईल."

फू यांनी मिशीत हसून घेतलं. राजाच्या आचरणाची तपासणी ते रोज स्वतः करत होते.

सू-यानने झोपडीकडे पाहिलं, गोणपाटाकडे पाहिलं, पेजेकडे पाहिलं. सगळं जिथल्या तिथे होतं. मग ती फूंकडे वळली.

"फूसाहेब, चांगला मुलगा सकाळी उठून आधी काय करतो?"

"हे काय विचारणं झालं? हातपाय धुतो, आईवडिलांच्या खोलीत जातो, झोप नीट लागली का विचारतो. नियम चौथा."

"आणि दोघांपैकी एक गेलं असेल तर?"

"जे आहेत त्यांना विचारतो."

"मग महाराज, काल रात्री राजमातांना झोप कशी लागली?"

राजाने डोळे उघडले आणि फूंकडे पाहिलं. फूंनी आपल्या हातातल्या नियमांच्या गुंडाळ्यांकडे पाहिलं.

"मी सांगते," सू-यान म्हणाली. "मी रोज पहाटे त्यांच्या मुदपाकात टोफू पोचवते. त्यांच्या उत्तरेच्या खिडकीच्या जाळीवर चिकटवलेला कागद फाटलाय. वारा लागतो, रात्रभर खोकतात. दुरुस्त करायला कुणी नाही, सुतार सगळे इथे. आणि अकरा महिने त्या रोज मलाच विचारतात, 'माझा मुलगा कसा आहे गं?' मी टोफूवाली, महाराज. मी त्यांना काय सांगायचं?"

राजाने हळूच विचारलं, "तिने मला बोलावलं का नाही?"

"सुतकातल्या माणसाला हाक मारायची नाही, हा आपलाच हुकूम." तिने गोधडी सोडली. "आज मी इकडे येणार म्हटल्यावर त्यांनी हे दिलं. म्हणाल्या, 'माझ्या मुलाला दे. आईने सांगितलंय म्हणावं, गरम असतानाच खा.'"

वाडग्यातून वाफ आली. आलं घातलेलं बदकाचं कालवण होतं. राजाचं नाक त्याला न विचारता तिकडे वळलं.

"मांस?" फू ओरडले. "सुतकात मांस चालत नाही. नियम एकशे बारा!"

"आणि आईची आज्ञा?" राजाने विचारलं.

"ती मोडायची नाही. नियम सातवा."

"मग दोन्हींत मोठा कुठला?"

फू गडबडले. त्यांनी एक गुंडाळी उलगडली, ती टाकून दुसरी घेतली, मग जमिनीवरच बसकण मारली.

"त्यांना सावकाश शोधू द्या, महाराज," सू-यान म्हणाली. "पण आईने गरम खायला सांगितलंय, आणि तीनशे नियम संपेपर्यंत हे गार होईल."

राजा जो हसत सुटला, तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! हसता हसताच त्याने वाडगा तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.

हुकूम त्याच दिवशी मागे घेतला गेला. अकरा महिने रिकामे बसलेले राजवाड्यातले सगळे वादक राजाने सू-यानच्या लग्नाला धाडले, आणि लिउला नवी कोरी नाव दिली. फूसाहेब तेव्हा दोनशे साठाव्या नियमापर्यंत पोचले होते.

हुकूम मागे घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे सू-यान टोफू घेऊन मुदपाकात गेली, तेव्हा राजमातांनी तिच्याकडे मुलाची चौकशी केली नाही. तो उत्तरेच्या खिडकीशी स्टुलावर उभा राहून कागद चिकटवत होता, आणि त्या खालून सांगत होत्या की तो वाकडा लागतोय.