शास्त्रीबुवांच्या दोन बरण्या

जहागीरदार हैबतरावांचा खोकला काही केल्या हटेना, तेव्हा नावाजलेले वैद्य अनंतशास्त्री डोलीतून आले. त्यांना शंका विचारायची कुणाची छाती नव्हती.

शास्त्रीबुवांनी दोन बरण्या मांडल्या. "ही कफाची. हिच्यात तीन भाग मध, एक भाग तूप. ही पित्ताची. हिच्यात एक भाग मध, तीन भाग तूप. मध-तूप समभाग झालं की विष होतं, म्हणून माझ्या बरणीत ते कधीच सारखं नसतं. यांना कफ आणि पित्त दोन्ही झालंय, तेव्हा दोन्ही देतो."

एवढं बोलून त्यांनी दोन्ही बरण्यांतला एकेक चमचा वाटीत कालवला आणि वाटी हैबतरावांच्या ओठांशी नेली.

उशाशी बसलेल्या सगुणाबाईंनी मनातल्या मनात बेरीज केली. त्यांनी नवऱ्याच्या तोंडची वाटी हिसकावून घेतली.

"बाई, वैद्य कोण? तुम्ही की मी?" शास्त्री कडाडले.

"तुम्हीच. म्हणून पहिलं बोट तुम्ही चाटा. बरण्यांत काहीही असो, वाटीत मध चार भाग आहे आणि तूपही चारच."

शास्त्रीबुवांनी बोटांवर हिशेब केला. "आज माझा उपास आहे," ते कसेबसे म्हणाले.

सगुणाबाईंनी वाटी आणखी पुढे केली. "मध-तूप उपासाला चालतं, शास्त्रीबुवा."